रोजच्यासारखी हजेरी

मोर्चावर गोळीबार झाल्यापासून विद्यापीठात शिकवायचं म्हणजे जीव मुठीत धरूनच. तरी मी तास चुकवत नव्हते. घरी बसून तरी काय करणार? नवरा टीव्हीसमोर, सासूबाई खिडकीशी, आणि दोघांचा एकच धोशा, "तू तेवढं तोंड सांभाळ."

त्या सकाळी संख्याशास्त्राच्या तासाला वर्गात शिरले, तर मागच्या बाकावर दोन थोराड पुरुष बसलेले. इस्त्रीचे शर्ट, वही नाही, पेन नाही.

"हजेरी घ्या मॅडम," त्यातला टकल्या म्हणाला. "रोजच्यासारखी."

ते कुणासाठी आलेत हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. याच वर्गातली आमची पुढारीण, मोर्चात सगळ्यांच्या पुढे असणारी, गोळीबारापासून बेपत्ता होती. तिची मला काळजी नव्हती. ती पक्की आहे, लांब पोचली असेल. काळजी होती चिमणीची. चिमणी तिची हॉस्टेलच्या खोलीतली मैत्रीण. पुढारीण सभा गाजवायची आणि ही आवाज बदलून तिची हजेरी लावायची. सवय इतकी, की पेंगतानाही चुकायची नाही. आज तिनं तोंड उघडलं की पुढारणीचा पत्ता तिच्याकडून काढून घेतील, आणि तो कसा काढतात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी नंबर पुकारू लागले. चिमणीकडे बघून डोळे वटारावेत, तर ती बया बाकावर डोकं टेकून! रात्रभर रडली असणार. पुढारणीचा नंबर गाळावा, तर टकल्या बोटांवर मोजत होता.

"एकतीस," मी पुटपुटले.

"हजर, मॅडम!"

सगळा वर्ग गारठला. चिमणीनं डोकं वर केलं. आपण काय बोलून बसलो हे कळताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. टकल्या उठून उभा राहिला.

मला एवढंच सुचलं, जे मी नेहमी करते. "पुन्हा प्रॉक्सी? लाज नाही वाटत?" मी खेकसले. "चालती हो वर्गातून! तोंड दाखवू नकोस!" मनात मात्र ओरडत होते, पळ गं बाई, मागच्या जिन्यानं पळ.

तिला कळलं. पुस्तकंही न उचलता ती बाहेर धावली. दार धाडकन आपटलं. मला हायसं वाटलं. घटकाभर मी स्वतःवर खूशसुद्धा झाले.

टकल्या पुन्हा खाली बसला.

"बरं केलंत मॅडम. वर्गातून ओढून न्यायचं म्हणजे पोरं आरडाओरडा करतात. बाहेर आमची माणसं आहेत."

व्हरांड्यातून "मॅडम!" अशी हाक आली, एकदाच. मी दाराकडे धावले. ते बाहेरून लावलेलं होतं.