खरांगणा गेलं, आता आंजी

"अवो, माह्ये डोये उघडून नाई राह्यले."

सकाळी अंथरुणातूनच सुलोचनाबाई म्हणाल्या. नळाचं पाणी भरत असलेले वासुदेवराव आत आले. बायकोच्या पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या.

"काऊन? कचरा गेला काय?"

उत्तर द्यायला जीभ वळेना. आवंढा गिळवेना. त्यांनी तिला उठवून बसवलं, तशी गोधडीतून काळी मण्यार निघून मोरीकडे सरकली. झोपेत कधी चावली ते कळलंही नव्हतं. ना दुखलं, ना सूज आली.

आर्वीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत छाती हलायची थांबत आली होती. डॉक्टरांनी विषावरची इंजेक्शनं सुरू केली, घशात नळी घातली आणि सेवाग्रामला पाठवलं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये सोबतच्या डॉक्टरला सलाइनही सांभाळायचं होतं. त्यानं नळीला जोडलेली रबरी पिशवी वासुदेवरावांच्या हाती दिली.

"दाबा, सोडा. तुम्ही दाबाल तेव्हाच काकूंचा श्वास होईल. थांबू नका."

सुलोचनाबाई बेशुद्ध आहेत असंच सगळ्यांना वाटत होतं. त्या नव्हत्या. अंगातलं बोटसुद्धा हलत नव्हतं, पण कान शाबूत होते. पिशवी दाबली की छाती भरे, सोडली की रिती होई. पुढचा श्वास येतो की नाही, याचीच धाकधूक.

वासुदेवराव एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. स्वभावानं अबोल, भाजीत मीठ नसलं तरी मुकाट्यानं जेवून उठणारे. त्या दिवशी मात्र ते रस्त्यातलं एकेक गाव सांगत बोलत सुटले होते.

"खरांगणा गेलं, सुलोचना. आता आंजी येते. डॉक्टर म्हणते, इंजन बरोबर आहे तुहं, वायरिंगच गेलं फक्त. वायरिंग तं दुरुस्त होते. हात भरून आले माह्ये, पण मी सोडत नाई. तू भेऊ नोको."

त्या आवाजाला धरून सुलोचनाबाई सेवाग्रामपर्यंत पोचल्या. पुढे काही दिवस मशीननं श्वास दिला. मग एका दुपारी पापणी उचलली गेली, बोटं हलली, नळी निघाली.

"तुमचे स्नायू चांगलेच होते," तिथल्या डॉक्टर वेदश्री म्हणाल्या, "विषामुळे मेंदूचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. हृदयाचं तसं नसतं, ते आपलं आपण चालतं. छातीला मात्र निरोप लागतो. तेवढ्या वाटेत काकांनी निभावलं."

सुलोचनाबाईंनी दोघांनाही हात जोडले. डॉक्टर गेल्यावर नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "लई बोलले तुम्ही रस्त्यानं."

वासुदेवराव चपापले. "तुले ऐकू येत होतं?"

"सगळं."

तेवढ्यात नर्सनं वरणाच्या पाण्याची वाटी आणून वासुदेवरावांच्या हाती दिली. पिशवी दाबून आखडलेल्या त्यांच्या बोटांची अजून नीट मूठ वळत नव्हती, वाटी कलू लागली. सुलोचनाबाईंनी आपला दुबळा हात खालून लावला. दोघांनी मिळून वाटी तिच्या ओठांपर्यंत नेली. पहिला घोट घशाखाली उतरेपर्यंत दोघांपैकी कुणीच हात काढला नाही.