पुढची भिंत

हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या इको विभागातल्या ताईंनी आजवर हजारो हृदयं पाहिली होती. पण त्या सकाळी टेबलावर डाव्या कुशीवर झोपले होते ते त्यांचे सख्खे मामा. आईवडिलांमागे त्यांनीच ताईंना वाढवलं होतं. ही तपासणी दुसऱ्या कुणी करायला हवी होती, पण फुग्यांची तपासणी येणारं दुसरं होतंच कोण?

"या वयात फुगे?" मामा हसले.

"रक्ताच्या पेशींएवढे बारीक असतात. रक्त पोचतं तिथं पोचतात आणि चमकतात. हलू नका."

सर्जननी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, झटक्यानंतर हृदयाच्या पुढच्या भिंतीत जीव उरला असेल तरच बायपास. नाहीतर छाती उघडून उपयोग नाही.

नर्सने शिरेतून फुग्यांचं औषध सोडलं, पडद्यावर हृदय चमकलं. ताईंनी जोरदार ध्वनिलहरी सोडणारं बटण दाबलं. स्नायूतले फुगे एकदम फुटले, पडदा काळवंडला. आता रक्त किती ठोक्यांत परत भरतं ते मोजायचं. मागची भिंत चौथ्या ठोक्याला उजळली, बाजूची पाचव्या. पुढची? सात. दहा. पंधरा. काळी ती काळीच.

ताईंनी छातीवरचा प्रोब सरकवून पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्यांदा.

"ताई, औषध संपलं," नर्स हळूच म्हणाली.

"मार्कं लपवताना असंच तोंड करायचीस," मामा म्हणाले. "बोल."

"डॉक्टर सांगतील."

"मी तुला विचारतोय."

"पुढचा भाग गेलाय, मामा. सगळा."

मामा उठून बसले आणि शर्टाची बटणं लावत म्हणाले, "मामीला मी सांगतो. तू मध्ये पडू नकोस."

बाहेर येऊन त्यांनी मामींना सांगितलं, "ऑपरेशनची गरजच नाही म्हणे!" मामींना रडू फुटलं. त्यांनी ताईंना घट्ट मिठी मारली.

एकोणीस दिवसांनी मामा आंघोळीला गेले आणि तिथंच कोसळले.

महिन्याभराने ताई घरी गेल्या, तेव्हा मामींच्या मांडीवर तपासणीची फाईल उघडी होती.

"ही सही तुझीच ना?"

"हो."

"मग त्या दिवशी मला मिठी का मारू दिलीस?"

मामींनी फाईल मिटली, आत गेल्या आणि कडी लावून घेतली. पुढे त्या ताईंशी कधीच बोलल्या नाहीत.