एकशे एकोणसत्तरावा भागाकार

मी एक जुनी संख्या आहे. १०,२२,११७. तशा आम्ही सगळ्याच संख्या सारख्याच जुन्या, त्यामुळे आमच्यात कुणी कुणाला ‘आमच्या वेळी’ असं ऐकवत नाही. मित्रांनो, फार काळ माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका कारखान्यात मला शिलाई मशीनच्या पट्टीवर तिचा क्रमांक म्हणून ठोकलं आणि मी एका शिंप्याच्या दुकानात आले.

शिंपी गणितात तीनदा नापास झालेला. त्याची थोरली बहीण गणिताची शिक्षिका. ती अजूनही त्याला “आमचा ढ” म्हणे, तेही गिऱ्हाइकांसमोर. एकदा सुई बदलताना त्याला मी दिसले. त्याच्या मनाने घेतलं, की ही मूळ संख्या असणार. एक आणि ती स्वतः सोडून हिला कुणीच पुरतं भागू शकणार नाही. हे सिद्ध करून ताईचं तोंड कायमचं बंद करायचं.

कपडे बेतायच्या खाकी कागदावर तो मला एकेका मूळ संख्येने भागू लागला. तीनने दोन उरले, सातने पाच.

“अहो, या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्या झाल्यात,” बायको म्हणाली.

“थांब गं, बाकी किती उरते बघू दे.”

“गिऱ्हाइकं ना? दोन.”

दोन महिन्यांनी ९९७ची पाळी आली. एकशे अडुसष्टावा भागाकार. १९२ उरले. हजाराचा वर्ग दहा लाख, म्हणजे हजारापर्यंत पाहिलं की झालं, असं म्हणून त्याने पेन्सिल ठेवली. पण मी दहा लाखांहून बावीस हजारांनी मोठी! भागून पाहायचं ते वर्गमूळापर्यंत, आणि माझं वर्गमूळ हजाराच्या थोडं पुढे जातं. मला ओरडावंसं वाटलं. संख्येला तोंड नसतं.

त्याने ताईला बोलावलं. तिने कागदाच्या टोकाकडे पाहिलं.

“हजारानंतरची मूळ संख्या कुठली रे?”

“एक हजार नऊ.”

“भाग.”

त्याने भागलं. उत्तर १०१३, बाकी शून्य.

“ढ तो ढच!” ताई हसली. तोही हसला. मग कागदाची गुंडाळी तिच्या हाती देऊन म्हणाला, “ने रद्दीत.” माझ्यावर त्याने चिंधी चिकटवली. पुन्हा कधी भागाकार केला नाही. कापडाची मापंसुद्धा बायकोला जुळवायला सांगू लागला.

आठवड्याने ताई आली, तेव्हा तो बाहेर गेला होता.

“सगळे तपासले गं मी,” ती वहिनीला म्हणाली. “एकशे अडुसष्टच्या एकशे अडुसष्ट बरोबर. माझ्या वर्गात एकालाही जमले नसते.”

“मग त्यांना सांगा की, वन्सं.”

“आता कुठल्या तोंडाने सांगू?”

ती गेली. चिंधीखालून मी सगळं ऐकलं, आणि तेवढंच केलं.

मित्रांनो, कुणाची चूक सापडली तर जरूर दाखवा. फक्त कागद आधी पहिल्या ओळीपासून वाचा.