अंड्युलेट, मुक्काम राजाजीनगर

मी ‘अंड्युलेट’ बोलतोय. इंग्रजीतला शब्द आहे हो मी, कुणाचं आडनाव नाही! अर्थ सोपा: लाटेसारखं वर-खाली होत पुढं जाणं. सुरवंटाची चाल, वाऱ्यावर डुलणारं नाचणीचं शेत, सगळीकडं मी चालतो. इथला, कानडी मुलखातल्या राजाजीनगरचा, चढउतारांचा रस्ता तर जागचा हलतही नाही, तरी त्याच्या आकाराला मी शोभतो.

पण मला विचारतो कोण? डिक्शनरीत पडून पडून अंग आंबलं होतं. गोजराक्कानं ती डिक्शनरी जुन्या बाजारातून आणली, धाकट्या भावासाठी, व्यंकोजीसाठी. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. अक्का वाचायची, तो पाठ करायचा. अठ्ठावन्न साली अंध मुलांच्या एका शाळेत इंग्रजीच्या मास्तरची जागा निघाली आणि मुलाखतीत नेमका मीच आलो! व्यंकोजीनं अर्थ घडाघडा म्हणून दाखवला.

“सरी, ठीक आहे,” हेडमास्तर म्हणाले, “आता हेच मुलांना समजावा.”

झालं! व्यंकोजीनं तोच पाठ केलेला अर्थ पुन्हा म्हणून दाखवला. लाट त्याला तरी कुठं ठाऊक होती? “सोमवारी पुन्हा या,” हेडमास्तर म्हणाले. बहिणीच्या घरी किती दिवस आयतं जेवायचं, याचा व्यंकोजीला घोर लागला होता. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी अक्का म्हणाली, “अरे, पाणी वर-खाली होतं ना, ते!”

“मग विहिरीतली बादलीही तेच करते की, अक्का.”

अक्का चिडली. वाळत घालायचं ओलं लुगडं उचलून तिनं एक टोक त्याच्या हातात कोंबलं. “धर घट्ट!” आणि दुसऱ्या टोकाला दिला झटका.

“आली!” तो ओरडला. “अक्का, लुगडं तिथंच, नि हिसका तेवढा माझ्याकडं आला!”

तेच रे बाबा, तेच! मला नाचावंसं वाटलं.

सोमवारी त्यानं मुलांना एकमेकांचे हात धरायला लावून रांगेत उभं केलं. पहिल्यानं बसून उठायचं, लगेच दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. मी रांगेतून पळत सुटलो! टोकाच्या पोरीनं हेडमास्तरांचाही हात धरून ठेवला होता. त्यांचे गुडघे कुरकुरले, पण तेही बसले नि उठले. “इन्नोम्मे! इन्नोम्मे!” पोरं खिदळत ओरडली, म्हणजे पुन्हा एकदा.

हेडमास्तर धापा टाकत म्हणाले, “उद्यापासून रोज या, मास्तर.”

त्याला आता सात-आठ वर्षं झाली. दरवर्षी नवी पोरं येतात नि माझा नंबर लागतो. तुम्हीही मला नुसतं घोकू नका, बाबांनो. शेजाऱ्याचा हात धरा, एकदा बसा, उठा. मी आलोच!