पंक्तिप्रपंच

“परत घाला तराजूत,” चिंतामण म्हणाला.

तिसऱ्यांदा शाळू पारड्यात पडला आणि काटा पुन्हा तिथंच उभा राहिला. पेंडीचं खत घातलेल्या वाफ्याचं वजन आणि काहीच न घातलेल्या वाफ्याचं वजन, जणू जुळे भाऊ. चिंतामणनं कपाळाला हात लावला.

सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता त्यानं एम.एस्सी.चं संशोधन हाती घेतलं होतं. भुईमुगाच्या पेंडीनं शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, किती वाढतो, एवढाच प्रश्न. त्यासाठी कृष्णाकाठी तुकडा खंडानं घेतला, वाफे पाडले आणि दर ओळीतला चौथा वाफा मुद्दाम बिनखताचा ठेवला. तुलनेला तो हवाच. प्रबंध उन्हाळ्यात विद्यापीठात गेला नाही तर हंगामी नोकरी संपली, हे प्राचार्यांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

राखणीला गावातली धोंडुबाई होती. गोफणीनं पाखरं हाकण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. आत्ता मात्र ती तराजूकडं न बघता पदराचं टोक पिळत होती.

“धोंडुबाई, ह्या चौथ्या वाफ्यात काय घातलं?”

“श्याण.”

“कुणी सांगितलं होतं?”

“सांगाय कशाला पायजे? आवं मास्तर, चौघांस्नी एका पंगतीला बसवलंसा, तिघांच्या पानात वाढलंसा, आन् चौथ्याला तसंच उठवायचं? लय पाप लागतं. पिवळं पडलं हुतं बिचारं. माझ्याच म्हशीचं पाटी-पाटी टाकलं. तुमचं चिमूटभर घेतलं न्हाई.”

ते चव्वेचाळीस साल. रेशनच्या ज्वारीसाठी लोक दुकानापुढं ताटकळत होते. अशा दिवसांत कुणाला मुद्दाम उपाशी ठेवणं तिला बघवलं नसणार. पंक्तिप्रपंच करू नये, हे चिंतामणलाही त्याच्या आईनं शिकवलं होतं. पण वर्ष मातीत गेलं की माणसाला आईची शिकवण आठवत नाही.

“उद्यापासून येऊ नका,” तो ओरडला.

कॉलेजातल्या गोपाळकृष्ण या सहकाऱ्यानं ते हसण्यावारी नेलं. “अरे, वाफ्यांना का तोंड आहे? चौथ्याचं वजन थोडं कमी लिही. पेंडीनं पीक वाढतं हे शेंबडं पोरही सांगेल.”

सांगेल, म्हणूनच तर मोह मोठा होता. चिंतामणनं एक आकडा लिहूनही पाहिला. कागदावर तो अगदी खऱ्यासारखा दिसत होता. त्याला स्वतःचीच भीती वाटली आणि त्यानं तो कागद फाडला. प्रयोग फसला, आणखी एक हंगाम मिळावा, असं त्यानं विद्यापीठाला कळवलं.

विद्यापीठानं हंगाम दिला, कॉलेजानं दिला नाही. जूनमध्ये त्याच्या जागी रहिमतपूरचा एक तरुण आला. चिंतामण घरोघरी शिकवण्या करू लागला.

पेरणीच्या आधी तो धोंडुबाईच्या दारात गेला. शाळूची राखण तिच्यासारखी दुसरं कोण करणार?

“एकाला उपाशी ठेवल्याशिवाय बाकीच्यांना खाल्लेलं किती लागलं ते कळत नाही, बाई.”

“नोकरी गेली म्हनं तुमची. माझ्यापायी?”

“छे,” चिंतामण म्हणाला. ते खोटं होतं, पण ते काही प्रबंधात जायचं नव्हतं.

धोंडुबाईनं दाराशी पडलेली शेणाची पाटी मागं सारली. “न्हाई घालत कायबी. शबुद दिला.”

मार्गशीर्षात चौथे वाफे पिवळे पडले. भोवतालचा शाळू छातीला लागला, हे गुडघ्यापाशीच अडले. धोंडुबाईनं शेणाची पाटी बांधापर्यंतही आणली नाही.

एका दुपारी चिंतामण मोजमापाला आला, तेव्हा ती बांधावर भाकरीचं फडकं सोडून बसली होती. ऊन थेट तोंडावर येत होतं.

“अहो, पिकाकडं तोंड करून बसा की. ऊन पाठीवर येईल.”

“नगं,” ती म्हणाली. “त्येच्या म्होरं घास उतरत न्हाई.”

चिंतामणनं हातातली मोजपट्टी खाली ठेवली. मग त्यानं आपला डबा सोडला आणि वाफ्यांकडं पाठ करून, तिच्याशेजारी उन्हात बसला.