ताटातला पिंपळ

पिंपळावर कात्री चालवायला रामलाल माळी तयार झाला नाही, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. सात वर्षं मी ते केलं. कोणाला वाटेल, माझ्यावर जबरदस्ती झाली असेल. तसं काही नाही. त्या बंगल्यात माझ्याशी कोणी आवाज चढवून बोललं नाही. चढवला असता तर मी नाही म्हटलं असतं.

झाड मुळात आमचंच. छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा घेतली आणि परत निघालो, तेव्हा वाटेत एका पडक्या विहिरीच्या बांधकामातून बोटाएवढं रोपटं निघालेलं माझ्या नवऱ्याला, पंजाबरावांना दिसलं. गर्दी पुढं चालली, आणि हे विहिरीत वाकून बसले. दगडाच्या फटीत पाणी सोडून सोडून, घटकाभरानं ते मुळासकट काढलं. मग माझ्या पांढऱ्या लुगड्याचा पदर धरला आणि टर्रकन चिंधी फाडली.

"अवो, नवं लुगडं हाय!"

"दुसरं घेऊन देतो. हे काही दुकानात भेटत नाही."

ओल्या चिंधीत रोप, चिंधी माझ्या मुठीत, अशी मी यवतमाळपर्यंत आले. दुसरं लुगडं आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पंजाबरावच तापानं गेले.

जायच्या आधी एक गोष्ट मात्र त्यांनी ठरवून ठेवली होती. बाभुळगावच्या पलीकडं आमचं गाव. तिथं वस्तीच्या तोंडाशी माझ्या दिरानं, देवरावनं, दगडमातीचा पार रचला आणि मधे गोल जागा मोकळी सोडली. ह्या पिंपळाखाली वस्तीनं बसायचं, वंदना घ्यायची. पण देवरावच्या चार बकऱ्या होत्या. बोटभर रोप त्यांनी एका घासात संपवलं असतं. म्हणून ठरलं, रोप कमरेएवढं होऊ द्यायचं, मग मिरगात लावायचं. तोवर ते तेलाच्या डब्यात माझ्या खोलीपुढं.

खोली म्हणजे यवतमाळातल्या कापसाच्या जिनाच्या मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यामागची. तिथं मी कामाला होते. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या अलीकडची सगळी कामं माझी होती. उंबरठ्याच्या पलीकडं मी कधी काय आहे ते पाहिलं नाही. वास यायचे, त्यावरून अंदाज होता.

साहेबांच्या पत्नी इंदुताई. बाई वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते. पंजाबराव गेले तेव्हा महिनाभर तिनं मला झाडू धरू दिला नाही. कलकत्त्याला कोणा जपानी व्यापाऱ्याच्या घरी तिनं वीतभर उंचीची म्हातारी झाडं पाहिली होती. तिथूनच ती चित्रांचं पुस्तक आणि चिनीमातीची चार पसरट ताटं घेऊन आली होती. वामनवृक्ष म्हणायची ती त्यांना. रामलाल म्हणायचा, ठेंगू.

सत्तावनच्या पावसाळ्यात ती माझ्या डब्याजवळ उकिडवी बसली. "बायना, किती सुंदर बुंधा आहे गं याचा. मला देतेस?"

"हे गावाले न्याचं हाय, बाईसाहेब. त्यायनं आनलं होतं."

"मग ने ना! आमची बदली झाली की तुझं तुला. दोन-तीन वर्षांत होतेच बदली. या गंजक्या डब्यात मुळं कुजतील त्याची."

मी विचार केला. दोन-तीन वर्षं. बकऱ्यांपासून लांब राहील. आणि खोली तिची होती, माझी लेक नलू सहा वर्षांची होती. मी डबा उचलून दिला. कमरेएवढं व्हायचं झाड वीतभर राहावं म्हणूनच ती मागते आहे, हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणायला मला आवडेल. पण पुस्तकातली चित्रं मी पाहिली होती.

फाल्गुनात पानं गळली तेव्हा इंदुताईंनी रामलालला बोलावलं. मूळ कापून झाड ताटात बसवायचं होतं. रामलाल तांड्यावरचा बंजारा, माणूस डोंगराएवढा. त्यानं कात्री पाहिली आणि दोन्ही हात मागं नेले.

"बाईसाब, संत्रं सांगा, आंबा सांगा, सारा बगीचा साफ करतो. याच्यात मुंजा राह्यते."

"एवढ्याशा रोपात कुठं मुंजा बसेल रे?"

"ल्हानसा बसत असन."

मला हसू आलं. इंदुताईंनाही आलं. आणि हसता हसताच ती माझ्याकडं वळली. "बायना, तू कर. तुम्ही तर आता हे देवबीव सगळं सोडलंत ना? मग तुला काय अडचण?"

अडचण ही होती की आम्ही जे सोडलं त्यात पिंपळ नव्हता. उलट तोच एक आमच्याकडं आला होता. हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी कात्री घेतली.

मधलं जाड मूळ, सोटमूळ म्हणतात ते, सगळ्यात आधी तोडायचं. तेच झाडाला खाली नेतं आणि वर चढवतं. विहिरीच्या दगडातून पंजाबरावांनी जे घटकाभर खपून अखंड काढलं होतं, ते मी एका दाबात तोडलं. पांढरा चीक आला. रामलाल तोंड फिरवून उभा होता.

"बायनाबाई," तो नंतर नळाजवळ म्हणाला, "तुमचा देव म्हनते याच्याच खाली बसला होता. अन् तू त्याचेच पाय तोडून राह्यली."

"आमचा देव नाही, रामलालभाऊ. मानूस होता."

"मंग तं आखीनच वंगाळ."

त्यानं मला बोलायचं ते बोलून घेतलं, पण मदतही त्यानंच केली. काळ्या मातीत मी झाड लावलं होतं. आपली कपाशीची माती, पावसात चिखल, उन्हात भेगा. त्यानं ती उपसायला लावली आणि विटांचा चुरा, नाल्याची रेती, कुजलेला पाला सांगितला, वर सरकीच्या ढेपेचं पाणी, पंधरा दिवसांतून एकदा. सांगायचा लांबूनच. झाडाला हात लावला नाही.

मग मी शिकत गेले. चैत्रात तांबडी पालवी आली की प्रत्येक शेंड्याची दोन पानं ठेवायची, वरचा कोंब नखानं खुडायचा. कात्री नको, नखच बरं. वैशाखात सगळी पानं देठ ठेवून काढायची, म्हणजे पुढची लहान येतात. उन्हाळाभर ताटाखाली ओलं पोतं, दिवसातून तीनदा पाणी. एक पाळी चुकली तर झाड गेलंच. पावसाळ्यात फांद्यांना तांब्याची तार गुंडाळून हवं तिकडं वळवायचं. जिनातल्या जळक्या मोटारीची तार साहेब आणून द्यायचे. दिवाळीच्या आत ती तार सोडायची, नाहीतर सालीत रुतून कायमचा वळ पडतो. हिवाळ्यात पाणी कमी, आणि झाडाला विसरल्यासारखं करायचं. ते मला कधी जमलं नाही.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. तिसऱ्या वर्षी बुंधा मनगटाएवढा झाला, फांद्या पसरल्या, पानं रुपयाएवढी. संध्याकाळी ताटाच्या पातळीला डोळे नेऊन पाहिलं की खालून पूर्ण मोठं झाड दिसायचं. मी त्याखाली वस्तीतली माणसं बसवून पाहायची. मुंगीएवढी व्हायची ती, पण मावायची.

साठ साली यवतमाळला फुलांचं प्रदर्शन भरलं. ताट डोक्यावर घेऊन मी नेलं. पहिलं बक्षीस मिळालं, चांदीचा पेला. नलूच्या पाटीवर मी तोवर अक्षरं जुळवायला शिकले होते. ताटापुढच्या चिठ्ठीवर होतं: पिंपळ, वय वर्षे चार, जोपासना सौ. इंदुताई. चार माणसांत उभं राहून मी आयुष्यात पहिल्यांदा काही वाचलं ते हे. इंदुताईंनी मात्र सगळ्यांना सांगितलं, "आमच्या बायनाचा हात फार चांगला आहे हं." पाहुण्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. मी तो पदराखाली घेतला.

देवराव बाजाराला यवतमाळला यायचा तेव्हा फाटकाबाहेरून हाक मारायचा.

"का वहिनी, झालं का कमरेएवढं?"

"होते, भाऊजी. बदली होऊ द्या."

"कोनाच्या कमरेएवढं पाह्यजे म्हंतो मी. मुंगीच्या तं झालंच असन." आणि मग हसणं थांबवून, "पार रिकामा हाय, वहिनी. लोकं इचारतात. पोट्टे त्याच्यात गोट्या खेळतात. दादानं सांगतलं होतं म्हून थांबलो."

"थांबा जराशे."

"मंग तू तरी ये एखांद्या वेळी. तीन वर्सं झाले, गावाले पाय नाही लागला तुहा."

कशी जाणार? दिवसातून तीनदा पाणी. रामलाल त्याला शिंपडायलाही तयार नव्हता. ज्या झाडासाठी गावी जायचं होतं, त्याच झाडानं मला बंगल्याला बांधून घातलं होतं. एकसष्टनंतर देवराव झाडाचं विचारेनासा झाला. यायचा, नलूच्या हाती मूठभर शेंगा द्यायचा, जायचा. मला वाटलं, समजूतदार झाला.

चौसष्टच्या मे महिन्यात साहेबांची बदली झाली. सामान बांधलं जात होतं तेव्हा मी तीन दिवस ताटाजवळून हलले नाही. आता ती काहीतरी कारण काढणार. झाडाऐवजी दुसरं काही घे म्हणेल, नाहीतर पाच-पन्नास रुपये पुढं करेल. काय उत्तर द्यायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं. सात वर्षांचं होतं ते उत्तर, चांगलं धारदार.

चौथ्या दिवशी इंदुताई स्वतः ताट उचलून माझ्या खोलीशी आल्या. डोळे भरलेले. "घे, बायना. शब्द दिला होता ना? ताटासकट घे."

माझं उत्तर तसंच राहिलं. पाया पडायला वाकले, तर त्यांनी दंड धरून उठवलं. पहिल्यांदाच शिवल्या मला. वाईट नव्हती बाई.

नवे मॅनेजर आपली माणसं घेऊन येणार होते. खोली सोडली. एका हातात नलू, तेरा वर्षांची, दुसऱ्यात बोचकं, मांडीवर ताट, अशी एस.टी.त बसले. मिरगाला चारच दिवस होते. कंडक्टर म्हणाला, "मावशी, याचं अर्धं तिकीट लागते." सगळी गाडी हसली, मीही हसले. त्या दिवशी मला सगळंच गोड लागत होतं.

वस्तीच्या तोंडाशी आले आणि आधी आवाज ऐकू आला. पिंपळाचा आवाज ओळखता येतो, वारा नसला तरी पानं बोलतात. पाराच्या मधोमध माझ्या दीडपट उंचीचा पिंपळ उभा होता. सरळ, अंगावर एक डाग नाही. खाली बाया बसल्या होत्या, एकीचं लेकरू सावलीत टाकलेल्या गोधडीवर झोपलं होतं.

देवराव घरातून आला. त्यानं माझ्या हातातलं ताट पाहिलं.

"एकसष्टच्या पान्यात लावला," तो म्हणाला. "शाळेच्या भिंतीतून काहाडला. लोकं किती थांबतीन, वहिनी?"

"बकऱ्या?"

"विकल्या. झाडासाठीच विकल्या. तवाच."

"मले सांगतलं काहून नाही?"

"तुहं तोंड पाहून नाही सांगू शकलो."

पोरं गोळा झाली होती. एक मुलगी म्हणाली, "बाहुलीचं झाड व मावशी?" आणि बाया हसल्या. वाईट मनानं नाही. झाड खरोखर सुंदर होतं, आणि त्याच्याखाली बाहुलीशिवाय कोणी बसू शकलं नसतं.

देवराव म्हणाला, त्यालाही पाराजवळच लावू, एका अंगाला. मी नको म्हटलं. आमच्या घरामागं न्हाणीचं पाणी जातं तिथं खड्डा केला. ताटातून काढलं तेव्हा मुळांचा एक चपटा पुंजका हाती आला, ताटाच्याच आकाराचा. मी तो बोटांनी मोकळा करून लावला. ताट नलूनं भाकरी ठेवायला घेतलं.

पहिलं वर्ष झाड होतं तेवढंच राहिलं. मी काही केलं नाही. तार नाही, कात्री नाही, नुसतं न्हाणीचं पाणी. पुढच्या चैत्रात मात्र पालवी फुटली, आणि मधोमध एक कोंब सुटला, तांबडा, जाड, थेट वर. सहाव्या दिवशी तो वीतभर झाला होता. त्या सकाळी मी तिथं बसून भांडी घासत होते आणि नलूशी बोलत होते. तिच्या सातवीच्या परीक्षेचं काहीतरी.

"माय," नलू मधेच म्हणाली, "कायले तोडलं व?"

मी पाहिलं. माझ्या दोन नखांत कोंब होता. खाली शेंड्यावर बरोबर दोन पानं ठेवली होती.

चीक बोटांना धरून बसतो. राखेनं घासत बसले तरी जाईना. दुपारी नलूनं बाभळीच्या काट्या आणून झाडाभोवती छातीएवढं कुंपण घातलं, इतकं दाट की हात आत जाऊ नये.

"बकऱ्यायसाठी," ती म्हणाली.

वस्तीत तेव्हा एकाही घरी बकरी नव्हती.