फक्त ओठ हलव

संगीताच्या बाईंचा कान मोठा तिखट. चाळीस मुलांत एकाचा सूर घसरला तरी तो कोणाचा, हे त्या न बघता सांगत. मग त्या मुलाजवळ जाऊन अगदी मायेने म्हणत, "बाळा, तू फक्त ओठ हलव हं."

सत्तावीस वर्षांत शाळा समूहगायनाची एकही स्पर्धा हरली नव्हती. पालक खूश, मुख्याध्यापक खूश. आपणही अशा कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आहेतच की!

त्या दिवशी सकाळपासून धुकं खिडक्यांना चिकटून होतं. तापाची साथ होती. पुढच्या रांगेतली सहाही मुलं घरी. बाईंनी उरलेल्या चौतीस जणांना उभं केलं, पियानोवर सूर दिला आणि हात उचलला.

चौतीस तोंडं उघडली. ओठ हलले, माना डोलल्या. आवाज मात्र आला नाही.

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण बहिऱ्या झालो की काय? पण भिंतीवरचं घड्याळ तर स्पष्ट टिकटिकत होतं. पहिलं कडवं संपून दुसरं सुरू झालं, तेही फक्त ओठांवरून कळलं. मुलं एकटक त्यांच्याकडेच बघत होती.

"थांबा!"

चौतीस तोंडं एकदम मिटली.

"थट्टा करता माझी?"

एका मुलीने भीत भीत हात वर केला. "नाही बाई. तुम्हीच सांगितलं होतंत. मला पहिलीत, हिला मागच्या वर्षी..."

बाई एकेक चेहरा बघत गेल्या. खरंच की! एकही सुटला नव्हता. खरं गाणारी सहाच होती, आणि ती आज तापाने घरी.

दाराशी झाडू घेऊन शाळेच्या मावशी उभ्या होत्या. बाईंहून वीस वर्षांनी लहान, पण सगळ्यांच्या मावशी.

"मीही इथेच शिकले, बाई. त्या खिडकीजवळ उभी राहायचे. तुम्हाला नाही आठवणार."

"तुम्हालाही मी...?"

"हो. अजून गळा उघडत नाही. लेकीला झोपवताना नुसते ओठ हलतात. परवा बघते तर तीही बाहुलीला थोपटत तसेच ओठ हलवत होती. चार वर्षांची पोर!"

"पण मावशी, बेसूर मुलांना घेऊन गाणं कसं व्हायचं?"

"गणित चुकलं म्हणून कोणी वही काढून घेतं का? ज्याला येतंच, त्याला शाळा कशाला हवी?"

बाई वळल्या. त्या हात वर केलेल्या मुलीजवळ गेल्या. "गा. चुकलं तर चुकू दे."

गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज फुटला. बाईंनी तो सुधारला नाही. आपलाच आवाज खाली उतरवून त्याच्याशी मिळवला. मग शेजारचा मुलगा गाऊ लागला, मग तिसरी. घंटा होईपर्यंत असा काही गलका झाला, की मुख्याध्यापक धावत आले!

त्या वर्षापासून कोणाला फक्त ओठ हलवायला सांगणं बंद झालं. शाळा स्पर्धेत शेवटची आली. बाईंनी निकाल स्वतः वाचून दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एक्केचाळिसावी जागा मावशींसाठी केली.

मित्रांनो, गळा गोड असो वा नसो, गाणं शिकण्याचा हक्क प्रत्येक मुलाचा आहे. आपल्या घरातलं एखादं मूल गायचं थांबलं असेल, तर त्याला जवळ घेऊन विचारा, तुला गप्प कोणी केलं? उत्तर ऐकायची तयारी मात्र ठेवा. कदाचित त्याचं बोट आपल्याकडेच वळेल.